पुन्हा लिही

पुसद, ९ जानेवारी २०२५

चि. बबितास आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. तीन दिवसांत अकरा वेळा लावला, तोही तू शाळेतून उमरखेडला परतल्यावर. एका परीनं बरंच झालं. पत्रात माणसाला वाक्य पूर्ण करता येतं. फोनवर तू मला एकही पूर्ण करू देत नाहीस.

पहिली गोष्ट, मी आपण होऊन आलो नव्हतो. तू बोलावलंस. "बापू, सोमवारी शाळेत या. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांना मुलांनी पत्रं लिहिलीत, तुम्हाला बघून बरं वाटेल." हे तुझे शब्द. मी एकाहत्तर वर्षांचा माणूस, पुसदहून एसटीनं उमरखेड, तिथून ऑटोत नऊ जणांत दहावा बसून तुझ्या शाळेच्या तांड्यावर उतरलो. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेन, एक निळं आणि एक लाल. नोकरीची चौतीस वर्षं ती दोन्ही माझ्या खिशात होती आणि निवृत्तीनंतर मी ती काढून ठेवलेली नाहीत, हे तुला माहीत आहे. अशा माणसापुढे तू तेवीस पत्रांचा गठ्ठा ठेवलास आणि चहाचं बघायला निघून गेलीस. आता सांग, दोष कोणाचा?

मी तपासली. हो, तेवीसच्या तेवीस तपासली. चुकलेल्या शब्दांखाली रेघा मारल्या, समासात बरोबर शब्द लिहिले, खाली गुण दिले. जिथे फारच वाईट होतं तिथे "पुन्हा लिही" असा शेरा दिला. याला शिकवणं म्हणतात. तू चहा घेऊन आलीस आणि कप हातातच ठेवून उभी राहिलीस. तेवीस मुलांसमोर मला म्हणालीस, "बापू, ते पेन खिशात ठेवा." शाळेच्या फाटकापर्यंतही आली नाहीस. ऑटोवाल्यानं विचारलं, "काहून सर, मॅडम रागावल्या का?"

तुझं म्हणणं मी ऐकलं आहे. आधी लिहू द्यावं, नियम नंतर. आईच्या, आपल्या याडीच्या, मांडीवर बसून बोलायला शिकताना कोणी विभक्तीचा तक्ता पाठ केला होता का, असं तू मला विचारलंस. अगं, पण बोलणं निराळं आणि लिहिणं निराळं! तुझ्या तिसरी-चौथीच्या पोरांना नाम कशाला म्हणतात ते सांगता येत नाही. मी विचारलं तर एक जण म्हणाला, "नाम म्हणजे कपाळाले लावते ते." सगळा वर्ग हसला आणि तूही हसलीस. शिक्षिका हसते!

मी पाचवीला पुसदच्या शाळेत आलो तेव्हा मला मराठी येत नव्हतं, आपली बोलीच येत होती. पहिल्याच आठवड्यात उभा राहून म्हणालो, "मी पाणी पिली." अख्खा वर्ग हसला आणि गुरुजीही हसले. त्यानंतर चार महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. व्याकरणाचं पुस्तक मिळवलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ केलं. तोवर मी लमाणाचं पोरगं होतो, नंतर राठोड सर झालो. जे हसले होते त्यांचीच मुलं पुढे माझ्याकडे शिकवणीला आली. डॉक्टरच्या मुलाला व्याकरण आलं नाही तरी त्याचं काही अडत नाही. आपलं पोर चुकलं की लोक त्याचा तांडा काढतात. म्हणून व्याकरण सगळ्यांत जास्त आपल्याच मुलांना लागतं, आणि तू तेच काढून घेते आहेस. याचा मला संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही.

आणि ते एकोणीस दिवसांचं तू मध्ये का आणलंस? "माझ्या जन्मालाही तुम्ही एकोणीस दिवस फिरकला नाहीत, तुम्हाला माणसं दिसतच नाहीत." याचा त्या पत्रांशी काय संबंध? मला सुट्टी मिळाली नव्हती हे मी तुला शंभरदा सांगितलं आहे. तुझी याडी माझ्याविषयी कधी एका शब्दानं बोलली नाही. तू बोलतेस.

देवसिंग राठोड
(निवृत्त शिक्षक, मराठी)


पुसद, २२ जानेवारी २०२५

चि. बबिता,

तुझं पाकीट मिळालं. मला वाटलं, उत्तर आलं. उघडून बघतो तर माझंच पत्र, आणि त्यावर पेन्सिलीचे गोळे! एकतीस गोळे. सोबत तुझी चिठ्ठी: "बापू, मुलांना तुमचं पत्र वाचायला दिलं. जे शब्द कळले नाहीत त्यांच्याभोवती त्यांनी गोळा केला. रागावू नका, त्यांनी पूर्ण वाचलं."

घरातलं पत्र तू वर्गात वाचायला दिलंस? बापानं लेकीला लिहिलेलं? मी चौतीस वर्षांत कोणत्याही विद्यार्थ्याचं घरचं पत्र चारचौघांत वाचलं नाही. "विभक्ती"भोवती गोळा, "समास"भोवती गोळा, "संताप"भोवतीही गोळा. संताप म्हणजे काय हे ज्या मुलांना माहीत नाही, त्यांना तू काय शिकवलंस? खाली कोणीतरी कोपऱ्यात लिहिलं आहे, "आजोबा तुम्ही कोनावर रागावले." मी तिथल्या तिथे लाल पेन काढून "कोणावर" केलं. हो, केलं. सवय आहे.

मारोतराव बसले होते समोर. शेजारचे मारोतराव, ज्यांची कापसाची आणि तुरीची शेती आहे आणि ज्यांना माझ्याकडच्या चहाशिवाय सकाळ उगवत नाही. त्यांनी ते पत्र हातात घेतलं, चष्मा नाकावर सरकवला, आणि इतके हसले की बशीतला चहा लुंगीवर सांडला.

"सर, पोराईनं तुमालेच फेल केलं ना बावा!"

मी म्हटलं, "यात हसण्यासारखं काही नाही."

"हाय ना. त्या लेकरानं इचारलं का कोनावर रागावले. तुमी सांगतलं का?"

"त्यात 'ण' चुकला होता."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "एक इचारू का सर? तुमी चिठ्ठी वाचता का तपासता?"

हा प्रश्न आहे का? जो तपासतो तो वाचतोच. न वाचता तपासता येतं का? मी त्यांना तसं बोललो आणि ते उठून गेले. कधी नव्हे ते चहा अर्धा टाकून गेले.

आता नीट ऐक. मी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे एक अर्ज लिहिला आहे. चार पानं आहेत. तुझ्या शाळेत व्याकरणाचे तास होत नाहीत, तिसरीच्या मुलांना शब्दांच्या जाती येत नाहीत, मुलं वर्गात बोलीत लिहितात आणि शिक्षिका ते खपवून घेते, हे सगळं त्यात उदाहरणांसकट आहे. खाली सही केली आहे. पोटच्या मुलीविरुद्ध तक्रार करणारा बाप म्हणून लोक मला नावं ठेवतील. ठेवोत. मी तुला शेवटची संधी देतो. सोमवारपासून रोज एक तास व्याकरण घे आणि तसं मला कळव. नाहीतर अर्ज पेटीत पडेल.

देवसिंग राठोड


पुसद, ३ फेब्रुवारी २०२५

बबिता,

तुझं पत्र आलं. मायना नाही, तारीख नाही, खाली सहीसुद्धा नाही. तू काय लिहिलं आहेस ते मी इथे उतरवून काढतो, म्हणजे मी ते धड वाचलं नाही असं तुला म्हणता येणार नाही.

"अर्पिता शाळा सोडून गेली. तिच्या पत्रावर तुम्ही 'पुन्हा लिही' लिहिलं होतं. तसं आणखी चौघांच्या पत्रावर होतं, पण त्यांनी लक्ष दिलं नाही. बावीस पत्रं दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या टोळीला पीठ नेणाऱ्या टेम्पोबरोबर फडावर गेली. अर्पितानं दिलं नाही. पुन्हा लिहायचं म्हणून दप्तरात ठेवलं. रोज लिहायची आणि फाडायची. मला सांगितलं नाही, मग शाळेतच येईना. तिकडे सगळ्या बायांना चिठ्ठ्या आल्या, तिच्या आईला, नंदाबाईला, आली नाही. नंदाबाईला वाटलं पोरगी आजारी आहे, का मेली. तांड्यावर टॉवर नाही, आजीजवळ फोन नाही. बाप आला, पोरगी घरी मुकी बसलेली दिसली, घेऊन गेला. ती आता फडावर आहे. तिनं काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही. मुलांची पत्रं मी वाचत नाही, ती त्यांच्या आईची असतात. ते पत्र फक्त तुम्ही वाचलं आहे. बापू, काय लिहिलं होतं?"

वाचलं. आता माझं ऐक.

ऊसतोड मी सुरू केली का? दर दिवाळीनंतर निम्मा तांडा ट्रकमध्ये बसून कृष्णाकाठी जातो, तो माझ्या लाल पेनामुळे जातो का? दर वर्षी पाच-सात पोरं शाळा सोडून आईबापामागे जातात. त्यांनाही मीच पाठवलं का? सरकार आहे, कारखाने आहेत, मुकादम आहेत, तांड्यावर धड पाणी नाही, आणि या सगळ्यात तुला दोषी सापडला तो मी! एका शेऱ्यानं? दोन शब्दांच्या शेऱ्यानं कोणी शाळा सोडत नसतं. सोडत असतं तर माझ्या हाताखालची निम्मी मुलं पळून गेली असती. मी हजारो वह्यांवर हा शेरा दिला आहे. मुलं पुन्हा लिहीत, दाखवत, आणि पुढे जात. काही कलेक्टर कचेरीत बसली आहेत.

आणि तूच लिहितेस की बाकीच्या चौघांनी लक्ष दिलं नाही. म्हणजे ज्यांनी माझं ऐकलं नाही त्यांची पत्रं पोचली. तेवीस मुलांत माझं ऐकणारी एकच निघाली.

पत्रात काय लिहिलं होतं म्हणून विचारतेस. सांगतो. एका पानाचं पत्र होतं, रेघी कागद, शिसपेन्सिल. चौदा चुका. "याडी" हा शब्द बोलीतला, तिथे "आई" हवं. "दात"चं लिंग चुकवलेलं. "ठिवला" नाही, "ठेवला." एकाही वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नाही, सगळं एका दमात. "तवा" नाही, "तेव्हा." "काडीपेटीत" बरोबर होतं. तीन ठिकाणी अनुस्वार. दहापैकी तीन गुण. सगळ्या चौदा चुका मी तुला आत्ता ओळीनं सांगू शकतो.

दाताचं काहीतरी होतं. काडीपेटीचं होतं. पुढे काय होतं ते या क्षणी मला सांगता येत नाही. वय झालं आहे, आणि एका बैठकीत तेवीस पत्रं होती.

अर्ज अजून टाकलेला नाही. पोस्टात गर्दी होती.

बापू


पुसद, १६ फेब्रुवारी २०२५

बबिता,

तेरा दिवस झाले. मी रोज आठवायला बसतो. चुका आठवतात. पोर आपल्या आईला काय सांगत होती ते आठवत नाही. मारोतरावांना परत बोलावलं, चहा दिला आणि सांगितलं की तुमचं खरं आहे, मी तपासलं, वाचलं नाही. त्यांना वाटलं माझी तब्येत बिघडली. बीपी बघायला घेऊन चालले होते.

मला राग आला आहे, बबिता. आधी तुझ्यावर होता. आता इतका राग कुठे ठेवू हे कळत नाही, म्हणून लिहितो आहे. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. एकेचाळीस वर्षं राहिली आहे.

मी राजूरला होतो तेव्हाची गोष्ट. कोळशाच्या खाणी, शर्ट सकाळी पांढरा आणि दुपारी काळा. एक खोली होती, तिथे बायकोला आणता येत नव्हतं. तुझी याडी सुखी तांड्यावर राहायची. त्या वर्षी तांड्यावर प्रौढ शिक्षणाचा वर्ग आला. सुखी रोज जायची. मला तिनं सांगितलं नव्हतं. आणि एक दिवस शाळेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं, तुझ्या याडीच्या हातचं. मोठं मोठं अक्षर, ओळी उतारावरून घसरलेल्या. तांड्यातली लिहिता येणारी ती पहिली बाई.

मी स्टाफरूममध्ये होतो, समोर वह्यांचा गठ्ठा होता आणि हातात लाल पेन होतं. मी ते कार्ड दुरुस्त केलं. अठरा चुका होत्या. खाली "प्रयत्न चांगला, पुन्हा लिही" असं लिहून पाकिटात घालून तिला परत पाठवलं. मला वाटलं, तिला आनंद होईल. खरंच वाटलं. माझ्याजवळ देण्यासारखं जे सगळ्यांत चांगलं होतं ते मी तिला दिलं, असंच मी समजत होतो.

त्यानंतर तिनं मला कधी पत्र लिहिलं नाही.

तू पोटात होतीस. ती माहेरी गेली. दिवस भरायला अजून महिना आहे असा माझा हिशेब होता. तू लवकर झालीस. तिच्या भावांनी मला कळवलं नाही, कारण घरात सगळे म्हणाले की सुखीला लिहिता येतं, ती नवऱ्याला लिहील. सुखीनं लिहिलं नाही. एकोणीस दिवसांनी होळीला म्हणून मी सासरवाडीच्या तांड्यावर आलो, गुलालाची पुडी घेऊन, आणि ओसरीत झोळी टांगलेली दिसली. झोळीत तू. बायका आपसांत बोलत होत्या की पोरगी झाली म्हणून जावई आला नाही. मी सुखीला आत जाऊन विचारलं, "तू लिहिलं का नाहीस?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "चूक झाली असती."

एवढंच बोलली. भांडली नाही, रडली नाही. मी बाहेर आलो आणि सगळ्यांना सांगितलं की सुट्टी मिळाली नाही. पुढे तू मोठी झालीस, तुझ्या मावश्यांनी तुला ते पोरगी झाल्याचं सांगितलं, तू मला विचारलंस, आणि मी तेच सांगितलं की सुट्टी मिळाली नाही. तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस हे मला दिसत होतं. मुलगी नको होती म्हणून आला नाही, असं तू समजलीस, आणि मी समजू दिलं. मुलगी नको असलेला बाप म्हणवून घेणं मला चाललं, पण बायकोचं पोस्टकार्ड तपासणारा नवरा म्हणवून घेणं चाललं नाही. इतका मी माझ्या शिकवण्याचा गर्व केला. मला झोळीत तू दिसलीस तेव्हा मी तुला उचलून घेतलं आणि तुझ्या कपाळाला गुलाल लावला. हे तुला कोणी सांगितलं नसेल. याडीनं बघितलं होतं.

ती गेली तेव्हा तिच्या पेटीत ते कार्ड सापडलं. माझ्या लाल रेघांसकट. तिनं का जपून ठेवलं असेल? आणि त्यातही काय लिहिलं होतं ते मी तेव्हा, चार वर्षांपूर्वी, पहिल्यांदा वाचलं. लिहिलं होतं की मला आता लिहिता येतं, तुम्ही एकटे आहात, जेवण वेळेवर करा, आणि घरात पाळणा हलणार आहे. पोटात तू आहेस हे तिनं मला त्या कार्डात सांगितलं होतं. मी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या. तू पोटात आहेस हे मला दोन महिन्यांनी दुसऱ्याच कोणाकडून कळलं, आणि तेव्हा मी उलट तिच्यावर रागावलो की तू का नाही सांगितलंस.

ही तुझी याडी. आणि तू म्हणतेस, तुम्हाला माणसं दिसतच नाहीत. बरोबर म्हणतेस.

तरीही एक सांगतो, व्याकरण नको हे मी आजही मान्य करणार नाही. मला त्यानं उभं केलं. पण मी ते कोणी मागितलं नसताना, हातावर रूळ मारावा तसं देत राहिलो. यात चूक व्याकरणाची नाही, माझी आहे. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

हे पत्र मी पाठकोऱ्या कागदांवर लिहितो आहे. उलटून बघशील तर मागे तुझ्याविरुद्धचा अर्ज आहे, चारही पानं. बघितलास तरी हरकत नाही.

टोळी कोणत्या गावाला आहे ते मारोतरावांनी टेम्पोवाल्याकडून काढून दिलं. मी उद्या निघतो. या वयात एवढ्या लांब जाऊ नका असं तू म्हणशील, म्हणून फोन करत नाही.

तुझा बापू


फडावरून, २४ फेब्रुवारी २०२५

बबिता,

पोचलो. दोन एसटी, एक रात्र स्टँडवर, मग ट्रॅक्टर. उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या आहेत, माणूस वाकून आत जातो. मी विचारत विचारत नंदाबाईच्या कोपीशी आलो. इस्त्रीचा शर्ट बघून ती मला कारखान्याचा माणूस समजली आणि वऱ्हाडीत बोलली.

"साहेब, मालक फडात हायेत. काय काम हाय?"

मी म्हटलं, "मी साहेब नाही. अर्पिताच्या पत्रावर लाल पेनानं लिहिणारा म्हातारा मी आहे."

तिचा चेहरा बदलला. कोयता खाली ठेवला, पदर खोचला, आणि बबिता, असं बोलणं मी आयुष्यात ऐकून घेतलं नव्हतं. "तुमीच का ते? बावीस बायाईच्या चिठ्ठ्या आल्या. टोळीतला रामलाल एकेकीची वाचून राह्यला आन बाया रडून राह्यल्या, हासून राह्यल्या. मी आपली हात मांडीवर ठेवून बसली. मले वाटलं मही पोरगी मेली! तुमाले काय कमी पडलं होतं? लेकरू मायले लिहून राह्यलं होतं, तुमाले लिहून राह्यलं होतं का? कायले हात लावला तुमी?"

मी आपल्या बोलीत एवढंच म्हणालो की याडी, माझं चुकलं. लग्नाला गेलो तरी मी आपल्या लोकांशी मराठीतच बोलतो, हे तुला ठाऊक आहे. किती वर्षांनी ती बोली तोंडात आली! नंदाबाई एकदम थांबली. "तुमी आपलेच हाव का?" म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

अर्पिता मोळ्या बांधायची दोरी वळत बसली होती. माझ्याकडे बघून दोरी टाकून कोपीत पळाली. अर्ध्या तासानं बाहेर आली तेव्हा हातात दप्तर होतं. दप्तरात पाच कागद, पाचही पुन्हा लिहिलेले, आणि सगळ्यांत खाली माझ्या लाल रेघांचा. तिला वाटलं मी तपासायला आलो आहे, बबिता. दाखवायला आणले होते.

मी म्हटलं, "मला नको दाखवू. तुझ्या याडीला वाचून दाखव. पहिला."

तिनं वाचला. नंदाबाई समोर बसून ऐकत होती. तुला हवं होतं ते आता ऐक. तिचा पुढचा दात पडला आहे. आजी म्हणाली छपरावर टाक, तिनं टाकला नाही. काडीपेटीत ठेवला आहे. याडी आल्यावर दोघी मिळून टाकणार आहेत, कारण मागचा दात पडला तेव्हाही याडी नव्हती. याडीचं हिरवं लुगडं ती उशाला घेते, त्याला अजून याडीचा वास येतो. याडी कधी येणार. एवढंच पत्र होतं. दहापैकी तीन गुण.

नंदाबाई उठून गेली आणि फडात उसामागे बराच वेळ उभी राहिली. मीही कोपीमागे गेलो.

जी पोरगी कोणाशी बोलत नव्हती, ती दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "रामलालकाका सगळं एकसारखंच वाचते. मी याडीले इचारलं होतं ना का कधी येशीन. मंग वाचनाऱ्यानं इचारल्यासारखं वाचाव म्हून काय करा लागते?"

चौतीस वर्षांत मला इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी तिला प्रश्नचिन्ह शिकवलं. मातीत, काडीनं. तिनं दहा-बारा काढून बघितली. एवढंच शिकवलं, एक अक्षर जास्त नाही. मारोतरावांना सांग, म्हणजे त्यांना पुन्हा माझी तब्येत बिघडली असं वाटेल.

नंदाबाई म्हणते, होळीला टोळी चार दिवस घरी येते, तेव्हा पोरीला आजीजवळ ठेवते, शाळेत धाडते. पण एक अट घातली आहे. "ते लाल पेन इथंच ठेवून जा." ठेवलं. तिनं ते कोपीच्या पाचटात खोचून दिलं. खिसा हलका लागतो.

हे पत्र इथपर्यंत माझ्या हातचं. पुढचं मी आपल्या बोलीत सांगणार होतो. लिहायला बसलो तेव्हा कळलं की ज्या बोलीत मी जन्मलो ती मला लिहिता येत नाही, एक ओळसुद्धा नाही. म्हणून अर्पिताला म्हटलं, मी सांगतो, तू तुला येईल तसं लिही. मी बघणार नाही. पाकीट तीच बंद करेल.

बा


बाई मी अर्पिता

आजोबा सांगून राह्यले आन मी लिहून राह्यली ते मने का त्याईले तुमचीच याद येते लाहानपनची तुमी झोळीत होत्या तवा तुमाले उचललं तर तुमी त्याईचं बोट धरलं आन सोडलं नाही गुलाल लागला तरी रडल्या नाही ते मने का त्याईले पोरगीच पाहिजे होती हे मोठ्या अक्षरात लिही मने म्हून मी मोठ्या अक्षरात लिवलं

आजोबा रडून राह्यले ते लिहू नको मने पन मी लिवलं तुमी सांगतलं होतं ना जे दिसते ते लिहा

मी होळीले येतो दात आनतो याडी आन मी छपरावर टाकतो मंग शाळेत येतो

आजोबा पाठ करून बसले हायेत कागदाकडे पाहून नाही राह्यले म्हून हे मी मह्या मनानं लिहितो आजोबानं मले एक खून शिकवली इचाराची ते मने जवा खरंच इचाराचं असन तवाच लावाची म्हून मी वर कुठंच नाही लावली एकच ठेवली होती

बाई तुमी आता आजोबासंगं बोलान का?